हार्ड रॉक कॅफे की प्लॅनेट हॉलिवूड: थीम कोणाची टिकली?

आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन अमेरिकनांनी १९७१ मध्ये लंडनच्या ओल्ड पार्क लेनवर हार्ड रॉक कॅफे उघडलं, ते बर्गर विकायला. भिंतीवरची रॉक संगीताची थीम नंतर आली, तीही गिऱ्हाइकांकडून. रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनने आपली नेहमीची जागा राखायला गिटार दिली. मग दुसऱ्या एका गिटारवादकाने, पीट टाउनशेंडने, ‘माझीही काही कमी नाही’ अशा अर्थाच्या चिठ्ठीसकट स्वतःची धाडली. टी-शर्टचंही तसंच. स्थानिक फुटबॉल संघासाठी छापलेले उरले, ते वाटून टाकले, आणि लोक मागायलाच लागले. हार्ड रॉकच्या नावाखाली शहराचं नाव असल्यामुळे लंडनचा शर्ट असणारा मुंबईचाही घेतो (वरळीच्या गिरणी आवारातली शाखा २००६ ची). गिऱ्हाईक पैसे मोजून जाहिरात अंगावर मिरवतं, यापरतं स्वस्त मार्केटिंग नाही!

प्लॅनेट हॉलिवूडने हाच साचा उचलला. हार्ड रॉकमध्येच मुरलेल्या रॉबर्ट अर्लने १९९१ मध्ये न्यूयॉर्कला सुरुवात केली. श्वार्झनेगर, स्टॅलोन, विलिस या हॉलिवूडच्या ताऱ्यांना भागीदारी, भिंतीवर सिनेमातली सामग्री. इथे थीम आधी, जेवण नंतर. उद्घाटनाला तारे येत, गर्दी उसळे. दुसऱ्या दिवसापासून उरे तो महागडा, बेताचा बर्गर. पुन्हा कोण येणार? १९९६ मध्ये शेअर बाजारात, १९९९ मध्ये दिवाळखोरीत, २००१ मध्ये पुन्हा तेच.

हार्ड रॉक २००७ मध्ये फ्लोरिडाच्या सेमिनोल या मूळ अमेरिकी जमातीने ९६.५ कोटी डॉलरला घेतलं. त्या किमतीत नुसते बर्गर नव्हते. हॉटेलं आणि कॅसिनोही त्याच नावावर चालतात.