न्यूमोनियासाठी मुलीला इथे ठेवलं होतं, त्याचा अनुभव

आमची मुलगी दहा महिन्यांची. न्यूमोनिया झाला म्हणून तिला या हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात ठेवलं होतं. आता ती घरी आहे, व्यवस्थित दूध पिते, रांगते. इथले डॉक्टर चांगले आहेत हे रिव्ह्यूमध्ये पुष्कळांनी लिहिलंय आणि ते खरंच आहे. मला सांगायचंय ते सिस्टर आणि डॉक्टर मिळून कसं काम करतात ते. आमची पोर त्यामुळेच सावरली असं माझं ठाम मत आहे.

आधी एका जवळच्या दवाखान्यात दाखवलं होतं. तिथं अंगातला स्वेटरसुद्धा न काढता खोकल्याचं औषध देऊन पाठवलं. इथं कॅज्युअल्टीत सिस्टरनी पहिल्यांदा कपडे काढायला लावले. बायकोला म्हणाल्या, "ताई, जवळ घ्या, शांत होऊ दे तिला. रडताना मोजलं तर आकडा चुकतो." मग घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ६२ भरले. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त झाले की ते वेगात चाललेत असं धरतात. वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत हाच आकडा ४०. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती, तेही त्यांनीच बोटानं दाखवलं. पायाच्या अंगठ्याला लावलेल्या मशीनवर रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के, म्हणजे कमी. डॉक्टर येईपर्यंत नाकात ऑक्सिजनची नळी लागली होती, वजन झालं होतं. डॉक्टरांनी कागद बघितला, छाती तपासली आणि तिथूनच पुढं सुरू केलं. आम्हाला सगळं परत पहिल्यापासून सांगत बसावं लागलं नाही.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, शिफ्टमध्ये काम करतो. चार्ज देताना एखादी गोष्ट सांगायची राहिली तर काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून इथं शिफ्ट बदलताना मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी प्रत्येक कॉटपाशी उभ्या राहून चार्ज देतात-घेतात. सलाईनच्या हातावरची पट्टी बघतात, सूज आलीय का ते दाबून बघतात. ऑक्सिजन किती लिटरवर आहे, शेवटचं इंजेक्शन कधी झालं, लघवी किती वेळा झाली, दूध किती गेलं, सगळं बोलून दाखवतात आणि शेवटी आईला विचारतात, "आणखी काही?" इंजेक्शन भरताना एक जण डोस वाचते, दुसरी तो वजनाशी ताडून बघते. डॉक्टर राऊंडला आले की पहिला प्रश्न सिस्टरना, "रात्र कशी गेली?" आणि त्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतात.

एका रात्री याचा खरा अर्थ कळला. ताप नव्हता, मशीनवर ऑक्सिजन ९३ दिसत होता, मशीन वाजतही नव्हतं. आम्हाला वाटलं बरं चाललंय. सिस्टरनी मात्र बनियन वर करून परत मिनिटभर मोजलं आणि फोन लावला. "संध्याकाळी ४८ होते, आता ६० आहेत. दोनदा दूध घेतलं नाही. श्वास सोडताना कण्हतेय." एवढंच. ड्युटीवरचे डॉक्टर लगेच वर आले. एक्स-रे परत काढला, मोठ्या डॉक्टरांशी बोलून अँटिबायोटिक बदललं. तोंडानं पाजणं थांबवलं, कारण इतक्या जोरात श्वास चालू असताना दूध श्वासनळीत जायची भीती असते. नाकातून नळी घालून थोडं थोडं दूध सुरू केलं. बायकोला रडू आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही काढून द्या. तुमचंच दूध जाणार आहे तिला." नुसत्या मशीनवर भरवसा ठेवला असता तर हे कळायला सकाळ उजाडली असती.

माझ्या आईचा आग्रह होता, पोरीला वाफ द्या. तिनं डॉक्टरांना विचारलं, मग त्यांना न सांगता सिस्टरनाही विचारलं. दोघांचं उत्तर एकच: छातीत शिट्टीसारखा आवाज असेल तर वाफेच्या मशीनचा उपयोग, हिच्या छातीत तो नाही. एक हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, असं झालं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. इथं तसं एकदाही झालं नाही.

उणं सांगायचं तर वॉर्डात जमतं ते खाली बिलिंगला जमत नाही. डिस्चार्जचा कागद सकाळी तयार होता, मेडिक्लेमच्या कागदांसाठी संध्याकाळ झाली. प्रत्येक खिडकीवर नव्यानं सांगावं लागलं. वॉर्डात आईशिवाय कुणाला टेकायला जागा नाही. तीन तारे या उण्या गोष्टींना, वॉर्डातल्या कामाला पाचच्या पाच.

घरी सोडताना सिस्टरनी बायकोकडून श्वास मोजून घेतले, आकडा जुळेपर्यंत. पिणं बंद झालं, छाती परत आत ओढायला लागली, ओठ निळसर दिसले किंवा पोर सुस्त पडली तर वाट न बघता आणायचं, हे लिहून दिलं. लसीकरणाचं कार्डही बघितलं. पीसीव्हीचा, म्हणजे न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या लसीचा, नवव्या महिन्याचा डोस राहिला होता. ती लस २०२१ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, बरी झाल्यावर घ्या म्हणाल्या. घेतली.

रात्री आणायची वेळ आली तर पुढचं गेट बंद असतं, मेडिकलच्या बाजूनं आत या. जुने कागद आणि लसीचं कार्ड सोबत ठेवा.