दर सिटिंगचा आलेख की महिन्याचा रिपोर्ट? डायलिसिस सेंटर निवडताना

आम्ही फोंडा तालुक्यातले. बाबांना डायलिसिसवर जाऊन तीन वर्षं होत आली. पहिलं दीड वर्ष घराजवळच्या सेंटरवर काढलं. तिथे डायलिसिस पुरेसं होतंय का, हे महिन्यातून एकदा रक्त तपासून कळायचं. आता जातो तिथल्या मशीनला प्रकाशाने मोजणारा सेन्सर आहे आणि आकडा दर सिटिंगला समोर दिसतो. गावातले दोघेतिघे सध्या याच पेचात आहेत: जवळचं सेंटर धरावं की लांबचं सेन्सरवालं? त्यांना तोंडी सांगितलं तेच लिहितो.

रक्ताचा हिशेब सोपा. सुरू करण्याआधी रक्तात युरिया, म्हणजे साचलेली घाण, 140, संपताना 42, म्हणजे 70 टक्के गेला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याचा हा आकडा किमान 65 हवा. त्याच दोन नमुन्यांवरून केटी बाय व्ही काढतात, म्हणजे शरीरातल्या पाण्याच्या मानाने किती सफाई झाली त्याचा आकडा. तो किमान 1.2, आणि लक्ष्य 1.4. आपल्याकडे पुष्कळजण आठवड्याला दोनदाच जातात. त्यांनी 1.2 आला म्हणून निर्धास्त राहू नये, ही मोजपट्टी तीन वेळांची आहे.

सगळी मदार दुसऱ्या नमुन्यावर. रक्त फिरवणारा पंप मिनिटाला 100 मिलीपर्यंत मंद करून, पंधराएक सेकंद थांबून, मग रक्त घ्यायचं असतं. एकदा बाबांचा आकडा 78 टक्के आला. घरात आनंदीआनंद. बाबा म्हणाले, "मग अर्धा तास आधी उठलो तर काय बिघडलं?" आणि महिनाभर ते साडेतीन तासांनीच उठत राहिले. पुढच्या तपासणीत 146 वरून 55, म्हणजे जेमतेम 62 टक्के. चौकशी केल्यावर कळलं, 78 टक्क्यांच्या वेळचा दुसरा नमुना सलाईनने रक्त परत देताना घेतला होता. पातळ झालेल्या रक्तात युरिया कमी दिसणारच. त्या महिनाभर त्यांच्या अंगात जे साचलं, त्याची रुखरुख मला अजून आहे.

प्रकाशाच्या पद्धतीत रक्त काढावंच लागत नाही. डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून, बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या पाण्याच्या नळीवर सेन्सर असतो. त्या पाण्यातून साधारण 280 नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात. सुरुवातीला पाण्यात घाण जास्त, म्हणून प्रकाश जास्त अडतो. रक्त साफ होत जाईल तसा कमी अडतो. या उतारावरून मशीन केटी बाय व्ही काढत जातं. बी ब्राउनची ॲडिमिया आणि निक्किसोचा डीडीएम याच तत्त्वावर चालतात.

याचा उपयोग मला गेल्या पावसाळ्यात पटला. दीड तास झाला होता, बाबा डोळे मिटून पडलेले. स्क्रीनवरची केटी बाय व्हीची रेषा लक्ष्याच्या रेषेखाली सरकू लागली. टेक्निशियन ताई आल्या, फिश्चुलावरची, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातात जोडून घेतलेल्या शिरेवरची, पट्टी उचलून पाहिली. बाबांनी कूस बदलताना सुई शिरेच्या भिंतीला टेकली होती आणि मशीनचा प्रेशरचा अलार्म वाजू नये म्हणून कोणीतरी रक्ताचा वेग मिनिटाला 300 मिलीवरून 220 वर आणून ठेवला होता. ताईंनी सुई जराशी फिरवली, वेग पुन्हा 300 केला, वीस मिनिटं वाढवून दिली. आकडा 1.4 ला पोचला. सेन्सर नसता, तर रक्त तपासायचा दिवस नेमका तोच असल्याशिवाय हे कोणाला कळलंही नसतं.

पण हा प्रकाश युरिया बघत नाही. त्या किरणांना युरिया जवळजवळ पारदर्शक असतो. प्रकाश अडवण्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा. दोन्ही लहान रेणू, बरोबरीने बाहेर पडतात, म्हणून अंदाज जुळतो. पॅरासिटामॉलही हा प्रकाश शोषतं, तेव्हा तापाची गोळी घेतली असेल तर सांगून ठेवावं. फॉस्फरस आणि पोटॅशियम तर त्याला दिसतच नाहीत. चवथीनंतरच्या (गणेश चतुर्थीनंतरच्या) सिटिंगला आमचा आलेख सुंदर होता. रक्तात फॉस्फरस मात्र 7.2, म्हणजे बराच जास्त निघाला. नेवऱ्या, खतखतं, अळसांद्यांचं तोणाक, सणाचं सगळं थोडंथोडं खाऊन झालं होतं. सेन्सर आहे म्हणून महिन्याची रक्ततपासणी टाळू म्हणणारं सेंटर मी तरी निवडणार नाही.

तिसरी एक पद्धत पाण्याची विद्युतवाहकता बदलून मोजते, फ्रेझेनियसचं ओसीएम तसं. तीही दर सिटिंगला चालते, पण रुग्णाच्या शरीरातलं पाणी किती हे आधी भरावं लागतं. तिथे चूक झाली की आकडा चुकला.

मग निवड कशी करायची? फिश्चुला अरुंद असेल, सुई सारखी त्रास देत असेल किंवा मानेतल्या कॅथेटरवर चाललं असेल, तर सेन्सरसाठी लांब जाणं मला योग्य वाटतं. आम्ही त्यासाठीच गेलो. फिश्चुला उत्तम चालत असेल, पूर्ण चार तास मिळत असतील आणि नमुना नीट घेतला जात असेल, तर जवळचंच बरं. ब्लड प्रेशर उतरलेल्या माणसाला पावसात घाटरस्त्याने तासभर आणणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. बांबोळीचं गोवा मेडिकल, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, खासगी सेंटरं, कुठेही जा, पण आधी तिथल्या टेक्निशियनला विचारा: "मागच्या खेपेला कोणाचा आकडा कमी आला, तेव्हा तुम्ही काय केलंत?" सुई बदलली, वेळ वाढवला, मोठा डायलायझर लावला, डॉक्टरांना फिश्चुला दाखवला, असं काही पटकन सांगता आलं तर तिथे नाव घाला.