४८६३ चे ४६८३ कसे झाले

मी हिशेबलेखनाची सेवा देणारे एक छोटे कार्यालय चालवते. ग्राहकांकडून आलेली खरेदीची बिले आणि पावत्या वाचून त्यांच्या नोंदी खात्यांत घालायच्या आणि महिनाअखेरीस ताळमेळ जुळवून द्यायचा, असे आमचे काम आहे. यातला वाचून टंकण्याचा भाग सर्वांत कंटाळवाणा. त्यामुळे ‘संपूर्ण स्वयंचलित, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, ९९ टक्के अचूक’ असे सॉफ्टवेअर घेऊन एका कंपनीचा प्रतिनिधी आला, तेव्हा मी फारशी उलटतपासणी न करता वर्षाचे शुल्क आगाऊ भरले. पुढे जे घडले त्यात माझा वाटा किती आणि त्यांचा किती, हे वेगळे करून सांगण्याचा प्रयत्न करते, कारण अशा व्यवहारात दोघांचाही वाटा असतो.

डेमो देखणा होता. प्रतिनिधीने स्वतः आणलेली बिले सरसर वाचून दाखवली आणि मग ‘मॅडम, तुमची द्या’ असे म्हटले. मी पाच बिले निवडली आणि ती स्वच्छ, छापील, सरळ स्कॅन झालेली निवडली. पाहुण्यासमोर फाटकी चादर कोणी अंथरत नाही, त्यातलाच हा प्रकार. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत घडी पडलेले, शिक्क्याखाली रक्कम झाकली गेलेले, थर्मल कागदावरची शाई उडालेले असे कितीतरी असतात. त्यांपैकी एकही मी पुढे केला नाही. ज्या कागदांना सॉफ्टवेअरची गरज सर्वांत कमी होती, नेमक्या त्यांच्यावरच मी त्याची परीक्षा घेतली.

दुसरी चूक त्या ९९ या आकड्याची. ही टक्केवारी कशाची, हे मी विचारलेच नाही. पुढे बऱ्याच पत्रव्यवहारानंतर कळले की ती अक्षरांची होती, म्हणजे १०० अक्षरे किंवा अंक वाचले तर त्यांतले ९९ बरोबर. एका साध्या बिलावर क्रमांक, दिनांक, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, वस्तूंच्या ओळी आणि रकमा धरून १२० अक्षरे सहज होतात. प्रत्येक अक्षर बरोबर येण्याची शक्यता ०.९९ असेल आणि चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील, तर संपूर्ण बिल निर्दोष वाचले जाण्याची शक्यता ०.९९ चा १२० वा घात, म्हणजे सुमारे ०.३० इतकी उरते. १०० बिलांपैकी साधारण ७० बिलांत कुठे ना कुठे एक चूक! प्रत्यक्षात चुका खराब कागदांवर एकवटतात, त्यामुळे सदोष बिलांची संख्या याहून कमी भरते. पण त्या कोणत्या बिलांत आहेत हे आधी ठाऊक नसल्यामुळे तपासावी लागतात सगळीच. हिशेबात एक अंक चुकला की पूर्ण नोंद चुकली. आकडा खोटा नव्हता, तो माझ्या कामाचा नव्हता, आणि विकणाऱ्याला हा फरक ठाऊक होता.

फसवणुकीचा खरा उलगडा मात्र एका चुकीतून झाला. आमच्याकडचे सर्वांत जुने हिशेबनीस, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एका संध्याकाळी बिल आणि छापील नोंद शेजारी ठेवून माझ्या टेबलापाशी आले. बिलावर ४८६३ होते, नोंदीत ४६८३. अण्णा म्हणाले, ‘‘बाई, हे यंत्राचं वाचन नव्हे, ही हाताची चूक आहे.’’ चित्रावरून अक्षर ओळखणारे यंत्र ८ ला ३ समजेल, १ ला ७ समजेल, शून्याच्या जागी रोमन ओ घालेल, कारण त्यांचे आकार सारखे असतात. शेजारचे दोन अंक उलटेसुलटे करणे ही प्रामुख्याने घाईने टंकणाऱ्या बोटांची खोड आहे. ही खोड इतकी जुनी आहे की आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये ज्या तपासणी अंकाच्या, म्हणजे बाकीच्या अंकांवरून काढून क्रमांकाच्या शेवटी जोडलेल्या अंकाच्या, पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती एका अंकाची कोणतीही चूक पकडतेच, शिवाय शेजारच्या अंकांची अदलाबदलही, ०९ आणि ९० ही एक जोडी सोडून, पकडते. बँकेच्या कार्डांवरचे क्रमांक आजही याच पद्धतीने तपासले जातात. बिलाच्या रकमेला असा तपासणी अंक नसतो. तिथे अण्णा लागतात.

त्यानंतर आम्ही मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी पुन्हा काढल्या. अदलाबदलीच्या चुका आणखी सापडल्या. दुपारी पाठवलेली बिले अर्ध्या तासात परत येत, मध्यरात्री पाठवलेली सकाळी उशिरा येत, आणि आठवडी सुट्टीच्या दिवशी तर यंत्रही सुट्टीवर असावे इतका उशीर होई. लेखी विचारणा केली तेव्हा आधी ‘सर्व्हरवरील भार’ असे उत्तर आले. दुसऱ्या पत्रानंतर करारनाम्यातील एका कलमाकडे बोट दाखवण्यात आले, ज्यात ‘गुणवत्तेसाठी आवश्यक तेथे मानवी साहाय्य घेतले जाऊ शकते’ असे लिहिले होते. ‘आवश्यक तेथे’ म्हणजे किती, असे विचारल्यावर जे कबूल केले गेले त्याचा अर्थ एवढाच होता की आमची बहुतेक बिले माणसेच टंकत होती.

ही युक्ती नवी नाही. वोल्फगांग फोन केम्पेलेन यांनी १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे यंत्र दाखवले होते. पेटीची दारे उघडून आतली दातेरी चाके प्रेक्षकांना दाखवली जात आणि खेळणारा माणूस त्याच पेटीत दडलेला असे. १८५४ मध्ये आगीत जळून जाईपर्यंत त्या यंत्राने अनेकांना चकवले. माणसे लावण्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी टंकलेले बरेचसे बरोबरच होते. तक्रार अशी की आमच्या ग्राहकांची कागदपत्रे, त्यांचे पुरवठादार, त्यांचे दर आणि त्यांची देणी कोणा अनोळखी माणसांसमोर उघडी पडली, आणि ‘यंत्राशिवाय कोणी पाहत नाही’ असे मी त्या ग्राहकांना माझ्या सहीने लिहून दिले होते. शिवाय प्रत्येक नोंदीपुढे हिरव्या रंगात ‘खात्री ९८ टक्के’ असे झळकत असे. माणसाने टंकलेल्या नोंदीसाठी हे ९८ कुठून मोजले, या माझ्या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत आले नाही.

आमच्या तक्रारीनंतर कंपनीने आम्हाला ‘खऱ्या’ यंत्रावर नेले, म्हणजे मोठ्या भाषिक प्रारूपावर (प्रचंड मजकूर वाचून स्वतः मजकूर लिहायला शिकलेल्या संगणकीय प्रणालीवर) चालणाऱ्या आवृत्तीवर. वेग खरोखरच वाढला. पहिला आठवडा मी खूश होते. मग एका पुरवठादाराचे हाताने लिहिलेले बिल आले, ज्यात त्याची स्वतःचीच बेरीज चुकली होती. नोंदीत मात्र बेरीज बरोबर होती! सॉफ्टवेअरने बिल वाचले नव्हते, सुधारले होते. आमचे काम कागदावर जे आहे ते नोंदवण्याचे आणि फरक दिसला तर ग्राहकाला कळवण्याचे आहे. इथे फरकच पुसला गेला. दुसऱ्या एका बिलाचा दिनांकाचा कोपरा फाटलेला होता, तरी नोंदीत दिनांक होता, त्याच महिन्यातला, अगदी शोभेल असा. ही प्रारूपे आधीच्या मजकुरावरून पुढे काय येणे संभाव्य आहे हे ठरवून लिहितात. त्यामुळे जिथे माहिती नाही तिथे रिकामी जागा सोडण्याऐवजी शोभेलसे काहीतरी भरण्याकडे त्यांचा कल असतो, आणि हा दिनांकही हिरव्या रंगातच झळकत होता. टंकणाऱ्या माणसाची चूक खडबडीत असते, हाताला लागते. ही चूक गुळगुळीत होती.

तेव्हा तपासणी आली. वाचणाऱ्या माणसांची आता गरज नाही असे समजून मी एका सहकाऱ्याला दुसऱ्या कामावर दिले होते, त्याला परत बोलवावे लागले. तपासण्याचे काम टंकण्यापेक्षा सोपे असेल अशी माझी कल्पना होती, पण ते अधिक थकवणारे निघाले. लागोपाठ चाळीस नोंदी बरोबर निघाल्यावर एक्केचाळिसावीकडे लक्ष देऊन पाहणे माणसाच्या स्वभावातच नाही. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच दाखवले आहे: यंत्र जितके भरवशाचे, तितकी त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याची नजर आणि सराव मंदावतो, आणि अवघड तेवढेच काम त्याच्या वाट्याला उरते. सॉफ्टवेअर घेताना मी टंकण्याचे वाचलेले तास मोजले होते. तपासण्याचे तास कुठल्याच कोष्टकात नव्हते.

असे सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ठरावीक पुरवठादारांची, एकाच नमुन्यातली छापील बिले आम्ही आजही दुसऱ्या एका साधनाने वाचतो. मात्र ते घेताना मीच निवडलेली दोनशे बिले, त्यांतली निम्मी मुद्दाम खराब, दोन चुकीच्या बेरजेची आणि एक दिनांक फाडलेले, अशी आधी चालवून पाहिली आणि किती अक्षरे नव्हे, किती संपूर्ण बिले बिनचूक निघाली ते मोजले. कागद कोण पाहणार, हे करारात नावानिशी लिहून घेतले. ओळींची बेरीज आणि एकूण रक्कम जुळली नाही तर नोंद अडवून ठेवणारी साधी तपासणी आम्हीच बसवली. तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता अजिबात नाही, आणि सर्वांत जास्त चुका तीच पकडते.

पैशांबाबत सांगायचे तर आगाऊ भरलेल्या शुल्कातले काहीही परत मिळाले नाही. ‘अचूकतेचे आकडे केवळ सूचक आहेत’ असे वाक्य करारात होते आणि त्याखाली माझी सही होती. अमेरिकेच्या रोखे नियामकाने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबद्दल खोटे दावे केल्याबद्दल दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांना मिळून ४ लाख डॉलरचा दंड केला, हे मी त्या काळात वाचले होते. पण तिथे नियामक होता, माझ्याकडे फक्त करार होता. माहिती नष्ट केल्याचे पत्र कंपनीने पाठवले. त्यात सर्व्हरचा उल्लेख होता, टंकणाऱ्या माणसांनी आपापल्या संगणकांवर काय ठेवले असेल याबद्दल एक अक्षरही नव्हते.

मग मी प्रत्येक ग्राहकाला पत्र लिहून कळवले की त्यांची बिले दोन महिने अनोळखी माणसांनी पाहिली आहेत आणि मी दिलेली लेखी हमी चुकीची होती. बहुतेकांनी समजून घेतले. एका ग्राहकाने उत्तर न देता माणूस पाठवून आपल्या सगळ्या फायली नेल्या.