नाव वळवायचे तर असेंब्लर लेबल की लिंकरचा रॅप?

सी भाषेत जुन्या फंक्शनकडे जाणारे कॉल नव्या फंक्शनकडे वळवायचे असतील, तर मॅक्रोचा (कंपाइल होण्याआधी मजकुरातच नाव बदलणाऱ्या सूचनेचा) विचार न केलेलाच बरा, कारण तो स्ट्रक्टमधील त्याच नावाच्या सदस्यालाही सोडत नाही. उरते ते घोषणेला असेंब्लर लेबल, म्हणजे असेंब्लीत वापरायचे वेगळे नाव, जोडणे किंवा ऑब्जेक्ट फाइल्स एकत्र जोडणाऱ्या लिंकरचा रॅप हा पर्याय वापरून त्या नावाचे कॉल दुसऱ्या फंक्शनकडे नेणे.

लेबलची बाजू लंगडी मुळीच नाही. कंपायलर टाइप तपासतो, बिल्डच्या फ्लॅगना हात लावावा लागत नाही, आणि लिनक्सवरची सी लायब्ररी ग्लिबसीही हेच करते: फाइल ऑफसेट बिट्स (फाइलमधील स्थान किती बिटांत मोजायचे ते ठरवणारा मॅक्रो) ६४ ठेवले की ‘ओपन’चे असेंब्लरमधील नाव ‘ओपन६४’ होते. २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून टाइम बिट्ससाठीही (वेळेसाठीच्या तशाच मॅक्रोसाठीही) हीच युक्ती आहे.

पुण्यातील एका छोट्या कंपनीत, ३२ बिट एआरएम बोर्डाच्या कामात, आमच्या हेडरनेही तोच कित्ता गिरवला आणि ‘रीड_लॉग’ला ‘रीड_लॉग६४’चे लेबल लावले. ज्या फाइलमध्ये या दोन्हींच्या व्याख्या होत्या, तिनेही तेच हेडर घेतले होते. सीच्या दृष्टीने ती दोन वेगळी फंक्शन्स असल्यामुळे कंपायलरने चकार शब्द काढला नाही. असेंब्लरला मात्र ‘रीड_लॉग६४’ दोनदा दिसले आणि सिम्बॉल आधीच डिफाइन झाल्याची तक्रार आली. या तक्रारीतला ओळ क्रमांक माझ्या फाइलचा नव्हताच. तो टेम्प फोल्डरमधील अशा असेंब्ली फाइलचा होता, जी मी पाहायला जाईपर्यंत जीसीसी या कंपायलरने पुसूनही टाकली होती. जीसीसी १० पासून नो-कॉमन (एकाच ग्लोबल व्हेरिएबलची व्याख्या दोन फाइलींत आली तर चूक ठरवणारा पर्याय) आपोआप लागू असते, म्हणून मी आधी ग्लोबल व्हेरिएबल्स धुंडाळत बसलो. सेव्ह-टेम्प्स (मधल्या फाइल्स न पुसण्याचा पर्याय) देण्याचे सुचेपर्यंत कोथरूडच्या घरी दोन संध्याकाळी गेल्या.

रॅपमध्ये हा घोळ होत नाही, कारण नव्या व्याख्येचे नाव ‘रॅप’ या उपसर्गाने सुरू होते आणि मूळ फंक्शनला ‘रियल’ लावून हाक मारता येते. अर्थात, मूळ व्याख्या असलेल्या फाइलमधलेच कॉल तो सहसा वळवत नाही, आणि फ्लॅगमध्ये नाव चुकले तरी लिंकर गप्प राहतो. त्यामुळे एनएम (सिम्बॉलची नावे दाखवणारे साधन) चालवून ऑब्जेक्ट फाइलमधील नाव पाहून घ्यावे. तरीही, माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर, मी रॅपच निवडेन. प्रीलोडची (प्रोग्रॅम सुरू होताना आधी लोड होऊन त्याचे कॉल अडवणारी) लायब्ररी लिहिणाऱ्यांना मात्र आधीच तयार असलेल्या प्रोग्रॅमसाठी रॅपचा उपयोग नाही. ‘ओपन’ आणि ‘ओपन६४’ या दोन्हींच्या व्याख्या एकाच फाइलमध्ये असतील, तर वरचाच घोळ टाळण्यासाठी त्यांनी त्या एका फाइलपुरते, पहिल्या हेडरच्याही आधी, फाइल ऑफसेट बिट्स अनडेफ (रद्द) करावे.