कोलोनोस्कोपी: घाटावरचं सेंटर आणि रत्नागिरीचा दवाखाना, आठ महिन्यांनंतर

थोरल्या भावाला ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हाच माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या बाजूने दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, ठरली. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना हा आजार असेल तर ४०व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात निघाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे अगोदर येईल तेव्हा तपासणी सुरू करायची असते.

आमच्या राजापुरात पोटाचं काही निघालं की सगळे घाटाकडे बोट दाखवतात. म्हणून अणुस्कुरा घाट चढून एका मोठ्या सेंटरला गेलो. मशीन नवं, लॉबी चकाचक, आणि निकाल काय? ‘आतडं साफ नाही, उजवी बाजू दिसली नाही, पुन्हा या.’ पुन्हा म्हणजे पुन्हा पूर्ण फी!

माझा खरा राग त्यांच्या तयारीच्या कागदावर आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, इंग्रजीत, आणि आतडं साफ करायचं जुलाबाचं सगळं औषध आदल्या संध्याकाळीच संपवा म्हणून लिहिलेलं. नंबर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारचा. मधल्या तासांत लहान आतड्यातून पित्त आणि चिकटा खाली उतरतो आणि उजव्या बाजूवर पुन्हा थर धरतो. सांगितलं तसं तंतोतंत करूनही भुर्दंड पेशंटलाच.

दुसऱ्या खेपेला गाठला तो रत्नागिरीचा दवाखाना जुन्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. पण तिथला कागद! एकच पान, मराठीत, ठळक अक्षरांत. औषध दोन भागांत: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. बिया, साली, नाचणीची भाकरी दोन-तीन दिवस आधीपासून बंद. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, पेजेवरचं निवळ, कोरा चहा चालेल. कोकम सरबत आणि सोलकढी नको, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो. कोकणातल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी बसून लिहिलंय हे. लांबून येणाऱ्यांनी पहाटेचा डोस घेऊन प्रवास करू नये, आदल्या रात्री मुक्कामाला यावं, हेही त्यात होतं. लॉजचे पैसे जिवावर आले होते, पण त्या पहाटे संडासातून बाहेर यायलाच उसंत नव्हती; लांजा-पालीच्या रस्त्यावर ते निभावलंच नसतं.

रिपोर्टही तसाच चोख. आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. माझे ९ पैकी ८. सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, दुर्बीण पोचल्याचा फोटो. परत बाहेर येताना किती मिनिटं पाहिलं तेही लिहिलेलं. ही वेळ किमान ६ मिनिटं तरी हवी, घाईत बारीक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी, सुटतात. घाटावरच्या रिपोर्टात यातलं एक अक्षर नव्हतं. नंबर घेण्याआधी कुठल्याही दवाखान्यात रिपोर्टात या तीन गोष्टी देता का, एवढं विचारा. मशीन कितव्या पिढीचं आहे ते सांगायला सगळेच तयार असतात.

बिल बघून मात्र डोकं फिरलं. पॉलिप काढल्याचे वेगळे, बायोप्सीचे, म्हणजे ती गाठ लॅबमध्ये तपासल्याचे, वेगळे. अंदाजपत्रकात ‘गरज पडल्यास’ म्हणून दोन्ही होते, तरी दोनच स्टार द्यायचे असं मनाशी ठरवून घरी आलो. मग बायोप्सीचा रिपोर्ट आला: ॲडिनोमा. असल्या गाठीतूनच काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. ती त्याच बैठकीत निघाली होती. पुन्हा भूल नाही, पुन्हा ते दोन लिटर औषध पिणं नाही. ते पैसे सत्कारणी लागले. आता पाच वर्षांनी पुन्हा बोलावलंय, तारीख फाइलवर लिहून दिलीय.

तक्रार एकच उरली, आणि ती आठ महिन्यांत तसूभर सुधारलेली नाही: फोन उचलत नाहीत. सकाळी डॉक्टर स्कोपीत असतात हे समजतं, पण रिसेप्शनवर माणूस बसलेला असतो ना? धाकटी बहीण यंदा चाळीस पूर्ण करतेय. तिचा गणपतीनंतरचा नंबर मी एसटीने रत्नागिरीला जाऊन घेतला, आणि तिच्यासाठी तो कागदही आणला.