नवीन हेवी ड्रायव्हरांनो, अनामत मागणाऱ्या ट्रान्सपोर्टची पायरी चढू नका

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. नोकरी देतो म्हणणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने माझे १,१०,२०० रुपये खाल्ले. अनामत ४०,०००, 'मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशन'चे २,८००, ट्रेनिंगचे १२,०००, पहिल्या पगारातली कपात २७,४०० आणि दुसऱ्या महिन्याचा आख्खा पगार २८,०००. ओरिजिनल लायसन्स यात धरलेलं नाही, ते अजून त्यांच्याच ताब्यात आहे. दोन कोरे चेक आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरवरची सही पण तिकडेच. त्यांचं पुढे काय करतील देव जाणे.

"पैसे भरून कोण नोकरी घेतं का रे?" असं आता मेहुण्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे विचारतात. त्यांना एकच सांगतो, हातात नवं कोरं हेवीचं लायसन्स घेऊन एकदा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांचे उंबरे झिजवून बघा. कारचं लायसन्स वर्षभर जुनं झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंगसुद्धा मिळत नाही. मग ड्रायव्हिंग स्कूलची फी, त्यांचा फॉर्म ५, म्हणजे गाडी शिकल्याचा दाखला, टेस्ट, तारखा. एवढं करून गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "ट्रेलर किती वर्षं चालवलाय?" मी गावाकडे पाच-सहा वर्षं पिकअप चालवली, भाजीपाला सोलापूर, पुण्याला टाकला. त्याला इथं कोण विचारत नाही. ज्याला त्याला अनुभवी पाहिजे, आणि पहिली गाडी द्यायला कोणी तयार नाही. जुने लोक म्हणतात दोन वर्षं क्लीनर म्हणून फिर, आपोआप स्टेअरिंग मिळेल. बरोबर आहे त्यांचं, पण बायको-पोरं असलेल्या माणसाने दोन वर्षं क्लीनरच्या पैशावर घर कसं चालवायचं तेही सांगा.

अशा वेळी फोनवर जाहिरात आली. 'न्हावा शेवा पोर्ट लाईन, ४० फुटी ट्रेलर, फ्रेशर चालेल, पगार २८,००० अधिक भत्ता, राहायची सोय.' फोन केला तर पलीकडचा आपल्याच बाजूचा निघाला. "पाव्हणं, तुम्ही नुसतं या, बाकी मी बघतो." गोड बोलून बकरा कापणारी जात. उरण-पनवेल पट्ट्यातलं ऑफिस होतं, एसी होता, काचेचं टेबल होतं, गणपतीचा फोटो होता, मागच्या यार्डात गाड्या उभ्या होत्या. फसवणारा माणूस झाडाखाली खुर्ची टाकून बसतो असं वाटत असेल तर डोक्यातून काढून टाका.

४० हजारांपैकी २५ हजार त्यांनी सांगितलेल्या नंबरवर गावाकडूनच यूपीआयने पाठवले होते. नाव कुण्या बाईचं दिसलं. विचारलं तर म्हणे शेठच्या मिसेस, कंपनीच्या अकाउंटचं लिमिट संपलंय. उरलेले १५ हजार ऑफिसात रोख दिले. पावती उद्या, शेठ सही करतील तेव्हा. यातले ३० हजार बायकोने बचत गटातून उचलले होते, म्हणून गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. पैसे दिल्यावर तिथल्या मुलीने लायसन्स मागितलं. "ओरिजिनल जमा करावं लागतं, सेफ राहतं, शिक्का मारून झेरॉक्स देतो." तिने टेबलाचा खण ओढला. खणात लायसन्सची चळतच्या चळत, रबर बँड लावलेली. दोन गठ्ठे पूर्ण, तिसऱ्याला माझं वरून लावलं. रबर जुनं होतं, चिकटलेलं, तिने ते नखाने सोडवलं आणि पुन्हा गुंडाळलं. मी मान वर केली तर समोरच्या काचेतून यार्ड दिसत होतं आणि यार्डात तीन गाड्या. त्यातल्या एकीचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, बोनेट उघडून पडलेला, त्याच्या चाकांखाली गवत उगवलेलं. एवढी लायसन्सं आणि गाड्या तीन! बाकीच्या गाड्या लाईनवर असतील, असं मीच मनात म्हटलं. त्या पोरीने काही सांगायच्या आत तिचं उत्तर मीच तयार करून ठेवलं. तोवर ४० हजार देऊन झालेले होते ना. पैसे गेल्यावर माणसाचं डोकं पैशाच्याच बाजूने विचार करतं. तिथं माझ्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं, या मतावर मी आजही ठाम आहे.

लायसन्सचं इथेच सांगून टाकतो. वाहतूक पोलिसाने कायद्याने लायसन्स ताब्यात घेतलं तरी त्याला पोच द्यावी लागते. मग हा खासगी माणूस कोण लागून गेला? द्यायचंच नाही. बघायला मागितलं तर डिजिलॉकरमध्ये दाखवा, रस्त्यावर तेच चालतं. शिक्क्याची झेरॉक्स चालत नाही. मला लोणावळ्याच्या अलीकडे चेकिंगला उभं केलं तेव्हा साहेबाने ती झेरॉक्स नुसती परत केली आणि मोबाईल काढ म्हणाला.

ट्रेनिंगचे १२,००० कशाचे, तर बंदरातून चाकणला भरलेल्या ट्रेलरमध्ये जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. काच पुसायची, कंटेनरची लॉकं बघायची, रिव्हर्सला मागे उभं राहून "आन दो, आन दो" करायचं. क्लीनरला या कामाचा पगार मिळतो, मी ते करायला पैसे भरले. तो ड्रायव्हर यूपीकडचा होता, बिचारा चांगला माणूस. बोरघाट चढताना गिअर कुठे टाकायचा हे त्याने मनापासून शिकवलं. त्याला विचारलं तुम्ही किती अनामत भरली, तर तो माझ्या तोंडाकडेच बघत राहिला. त्याने उलट २० हजार उचल घेतली होती.

हे नीट वाचा. या लाईनीत ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून मालक रडतात. चांगला ड्रायव्हर टिकावा म्हणून त्याला आधी उचल देतात, ऊसतोडीला मुकादम देतो तशी. ज्या धंद्यात मालक स्वतः पैसे देऊन माणूस बांधतो, तिथे माणसाकडूनच पैसे घेणारा ट्रान्सपोर्टचा धंदा करतच नसतो. त्याचा धंदा तुम्ही आहात. त्याला माल, भाडं, गाडी यातलं काही नको, दर आठवड्याला एक नवीन पोरगा मिळाला की भागलं. आणि जुना पोरगा पळून जावा म्हणून मग कपात सुरू होते.

माझ्या पहिल्या महिन्याची चिठ्ठी अजून जपून ठेवलीय. वहीचं फाडलेलं पान, वर कंपनीचं नाव नाही. पगार २८,०००. डिझेल शॉर्टेज ९,६००. टायर ७,५००. डॅमेज ४,३००. चलान ६,०००. हातात ६०० रुपये.

डिझेलचा हिशोब त्यांनी लिटरला साडेचार किलोमीटरने लावला, भरली-रिकामी सगळीला एकच. माल भरलेला ४० फुटी ट्रेलर घेऊन घाट चढणाऱ्या कोणालाही विचारा, साडेतीन दिलं तरी नशीब. त्यात बंदराच्या रांगेत तासन् तास एकेक गाडी पुढे सरकवायची, इंजिन चालूच. टायर फुटला तो रिमोल्ड केलेला होता, म्हणजे जुन्या टायरवर नवा पट्टा चढवलेला, आणि तो पट्टा आधीच सुटत आलेला. डॅमेज म्हणजे मागच्या बंपरचा पोचा, तो गाडी हातात आली तेव्हापासूनचा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, टायर आणि किलोमीटरच्या काट्यासकट, आणि तो तिथल्या तिथे मालकाला व्हॉट्सॲप करा. मी काढला नव्हता, कारण गाडी रात्री पावसात हातात दिली आणि "गेटचा टाईम चाललाय, निघ" म्हणून मागे लागले.

चलानाचं तर ऐकाच. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर सगळी चलानं मी लागायच्या आधीच्या तारखांची. चिठ्ठी घेऊन गेलो तर मॅनेजर म्हणतो, "गाडीवर जो बसला त्याचं चलान." म्हटलं मग माझी अनामत द्या, मी चाललो. तर म्हणे, स्टॅम्पवर वर्षभराचा बॉण्ड आहे, आधी सोडलं तर अनामत जप्त. मी सही केली तेव्हा त्या स्टॅम्पवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. पुढचा महिना याच आशेवर काढला की पगाराच्या तारखेला काहीतरी देतील. तारखेला मॅनेजरचा फोन बंद, शेठ गावाला.

इथून पुढे सरकारी दारांची कथा, आणि खरं सांगतो, ट्रान्सपोर्टवाल्याचा राग एक वेळ कमी होईल, या लोकांचा होणार नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्ही राजीखुशीने दिले ना?" दिले. "मग हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." म्हटलं साहेब, नोकरीचं खोटं सांगून घेतले, ३१८ कलम आहे ना फसवणुकीचं. तर "वकील आहेस का" म्हणून तिघं हसले. पैसे गावाकडून पाठवले ना, मग तिकडे तक्रार द्या. गावाकडच्या ठाण्यात गेलो तर ऑफिस मुंबईच्या बाजूला आहे ना, मग तिकडेच द्या. दोन्ही ठाण्यांच्या मध्ये साडेतीनशे-चारशे किलोमीटर, एसटीचं तिकीट माझं. हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात छापून ठेवलंय. छापलेलं आपल्यासाठी असतं, त्यांच्यासाठी नसतं. शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली आणि तीही कशाची? लायसन्स 'गहाळ' झाल्याची.

कारण आरटीओत गेलो होतो. डुप्लिकेट द्या म्हटलं, तर हरवल्याचा दाखला पाहिजे. हरवलेलं नाही, अमुक माणसाच्या अमुक खणात आहे, चला दाखवतो. तर म्हणे तसा रकाना नाही फॉर्मात. पोलीस म्हणतात हरवलं लिही, आरटीओ म्हणतं हरवलं लिही, आणि हरवलं लिहिलं की उद्या त्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून लायसन्स निघालं तरी तो म्हणायला मोकळा, सापडलं होतं. बाहेरचा एजंट १,८०० मध्ये सगळं करून देतो म्हणाला. त्यालाच शेवटी दिले, वरच्या आकड्यात तेही धरलेले नाहीत.

कामगार खात्यात नियुक्तीपत्र मागितलं. हजेरी मागितली. पगारपत्रक मागितलं, तर वहीचं पान दाखवलं. बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या यावर मालकाचं नावच नाही, नोटीस कोणाला काढू? आणि खरंच तीन नावं होती. फ्लेक्सवर एक, यूपीआयवर त्या बाईचं, गाडीच्या आरसीवर तिसऱ्याच माणसाचं. आरसीवाल्याचा नंबर मिळवून फोन केला तर तो माझ्यापेक्षा जोरात रडला. "दादा, मी गाडी त्यांच्याकडे अटॅच केलीय, ड्रायव्हर ते ठेवतात, माझंच भाडं अडकलंय." बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, बघितलं असतं तर चौथं नाव सापडलं असतं कदाचित.

तेव्हा कंपनीत जायच्या आधी ही नावं जुळतात का बघा. बोर्डावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव फुकटात दिसतं, एम परिवहन ॲपवर गाडीचा फिटनेस आणि विमा दिसतो. यूपीआयवर बाईमाणसाचं नाव आलं की तिथून उठा. कोऱ्या कागदावर सही बापाने सांगितली तरी करू नका. आणि ऑफिसात बसून काही विचारू नका, बाहेर पार्किंगला किंवा ढाब्यावर त्याच कंपनीच्या ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा, मागचा पगार कोणत्या तारखेला झाला. पोरगा उत्तर द्यायच्या आधी हसला तर समजून जा.

ज्यांचे पैसे असेच अडकलेत आणि ठाण्यात दाद लागत नाही, त्यांनी एसपी किंवा आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज स्पीड पोस्टाने टाका, पोच सांभाळा. तिथेही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, तिथे मला पहिल्यांदा कोणीतरी खुर्ची दिली. अर्ज तिथूनच टाकलाय. पोच आली, उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात त्या ऑफिसवरून एक ओळखीचा गेला. फ्लेक्स नवीन आहे, नाव नवीन आहे, गणपतीचा फोटो तोच. फ्रेशर चालेल, पगार ३२,०००. अनामत विचारली तर ५०,००० सांगितली. उरण-पनवेल बाजूला अशी अनामत आणि ओरिजिनल लायसन्स देऊन कोणी बसलं असेल तर लाजू नका, मला मेसेज करा, अर्ज एकत्र टाकू. एकट्याचं त्यांना दिवाणी वाटतं, पंधरा जण एकाच दिवशी ठाण्यात उभे राहिलो तर काय म्हणतात ते बघायचंय मला.