डॅशवालं डोमेन : १४ महिन्यांनंतर

दोन महिन्यांपूर्वी माझी साइट ९ दिवस बंद पडली, म्हणून हे लिहायला बसलो. त्याआधी लिहिलं असतं तर बहुतेक कौतुकच केलं असतं.

फोटोफ्रेमचा धंदा सुरू करताना मला साइटच्या पत्त्यासाठी, म्हणजे डोमेनसाठी, दोन शब्दांचं नाव डॉट कॉममध्ये हवं होतं. ते कुणीतरी आधीच घेऊन विकायला ठेवलेलं, आणि किंमत अशी की तेवढ्यात लाकूड कापायचं मशीन आलं असतं. तेच नाव मध्ये डॅश टाकून जवळजवळ फुकट मिळत होतं. घेतलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. डॅश नियमात बसतो, फक्त नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, मग एका डॅशचं काय घेऊन बसायचं?

काय ते फोनवर कळतं.

“मध्ये डॅश आहे.”
“म्हणजे खालची रेघ?”
“खालची नाही हो, मधली.”
“मग स्पेस सोडू का?”

हे आठवड्यातून चार वेळा. खालची रेघ टाकणाऱ्यांची मेल निदान परत येते, कारण अंडरस्कोर असलेलं डोमेन नोंदवताच येत नाही. डॅश गाळणारे जास्त महागात पडतात. त्यांची मेल जाते ती ज्याला मी पैसे द्यायला नकार दिला त्याच्या पत्त्यावर. एक बाई रागावून म्हणाल्या, “मापं परवाच पाठवली की!” पाठवली असणार. माझ्याकडे आली नव्हती.

आता ते ९ दिवस. पहिलं वर्ष स्वस्त, दुसऱ्या वर्षीचा दर चौपट, आणि रिन्यूअलला जोडलेल्या कार्डाची मुदत संपलेली. मुदतीच्या महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण करून देणं डॉट कॉम नावं विकणाऱ्या कंपनीला, म्हणजे रजिस्ट्रारला, बंधनकारक असतं, आणि त्या मेल आल्याही होत्या. पण ‘तुमचं डोमेन संपतंय, लगेच पैसे भरा’ अशा खोट्या मेल इतक्या येतात की खऱ्याही मीच कचऱ्यात टाकल्या. साइट गेली आणि त्या जागी जाहिरातींचं पान आलं. माझ्या पत्त्यावर दुसऱ्या फ्रेमवाल्यांच्या जाहिराती!

लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड आठवेना. नव्या पासवर्डची लिंक गेली खात्यात नोंदवलेल्या मेलवर, आणि ती मेल त्याच बंद पडलेल्या डोमेनवरची. कुलपाची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं. मग ओळखपत्र पाठवा, बिल पाठवा, ‘आपली विनंती पुढे पाठवली आहे’ हे चार वेळा वाचा. पाचव्या दिवशी फोनवर मी ओरडलो, त्याची आता लाज वाटते. चूक माझी होती. त्यांची चूक एवढीच की ते उत्तरं सावकाश देतात.

म्हणून रजिस्ट्रारला शिव्या द्यायचं ठरवलं होतं, ते मागे घेतो. मुदत संपल्या दिवशी नाव कुणी पळवत नाही. डॉट कॉममध्ये रजिस्ट्रार साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात रिन्यू करू देऊ शकतो. त्याने नाव काढून टाकलं की पुढचे ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते सगळ्यांना खुलं होतं. मी पहिल्याच टप्प्यात होतो, दंड वाचला. नोंदणीची मेल आता वेगळ्या, फुकटच्या खात्यावर आहे आणि रिन्यूअलची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

पण डॅशचा राग काही गेला नाही. बिनडॅशच्या नावाची मुदत कधी संपते ते कुणालाही तपासता येतं. मी तपासलं, तर जेमतेम सात आठवडे उरलेले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पाहायचो. गेल्या सोमवारी पाहिलं, तर पठ्ठ्याने एकदम ९ वर्षांचे पैसे भरलेत. उरलेले दिवस धरून मुदत १० वर्षांच्या पुढे जाऊच देत नाहीत.

नवीन कार्डं छापायला टाकलीत. डॅश लाल रंगात.